मदत हवी आहे: सोसायटीच्या सभेत वर्णद्वेषाची व्याख्या कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला राहतो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी रिकामा फ्लॅट दोन नायजेरियन विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलं. डिपॉझिटही बोलून झालं, पण कमिटी आडवी आली. लेखी काही नाही, फक्त ग्रुपवर "वातावरण बिघडतं", "जेवणाचा वास येतो" वगैरे. (आम्ही सुकट भाजली की जिन्यात उदबत्ती लागते, तसलाच वास असावा.)

हा सरळ वर्णद्वेष आहे असं मी लिहिलं आणि मोहोळ उठलं. सेक्रेटरी म्हणाले, "वर्णद्वेष गोरे करतात, आपण तो सोसलाय." जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत प्रेक्षक सिराजला नको ते बोलले, तेव्हा ऑस्ट्रेलियावर बंदी घाला म्हणून दिवसभर मेसेज टाकणारे हेच गृहस्थ. ऑगस्ट २०१२ मध्ये मारहाण आणि अफवांमुळे ईशान्येकडची मुलं पुणे स्टेशनवरून गुवाहाटीच्या गाड्या पकडत होती, ते मात्र यांच्या लेखी "गैरसमज".

त्यात माझा भाचा समाजशास्त्र शिकतो. त्याने ग्रुपवर अमेरिकेतली व्याख्या टाकली: पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वर्णद्वेष. सेक्रेटरींनी ती लगेच उचलली, "बघा, आपल्याकडे कुठली सत्ता?" अहो, गेटपासून पार्किंगपर्यंत सगळं तुमच्याच हातात आहे की! हे मला तेव्हा सुचलं नाही ते सोडा.

रविवारी सभा आहे. पानभर वाचून दाखवायचंय. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय मूळ यांवरून केलेला भेदभाव, ही संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या वंशभेदविरोधी कराराची व्याख्या घेऊ का? त्यात कोणी करायचा याची अट नाही आणि भारताने तो १९६८ मध्ये मान्य केलाय. पण "कूळ" म्हटलं की जात निघणार. जात त्यात येत नाही हीच आपल्या सरकारची भूमिका आहे. सभेत तो विषय काढावा का?

प्रतिसाद १

ताई, जात रविवारी काढू नका, चहा होईपर्यंत सभा उधळेल. राज्यघटनेच्या भेदभावाविरुद्धच्या कलम १५ वरही विसंबू नका. ते मुख्यतः सरकारला लागू आहे. खासगी लोकांच्या बाबतीत ते दुकानं, हॉटेलं, विहिरी असल्या जागांपुरतं बोलतं, भाड्याच्या फ्लॅटबद्दल नाही. कोणी फक्त पारशांना सभासद करणाऱ्या झोरोस्ट्रियन सोसायटीचा २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला तर सांगा, तो वाद सभासदत्वाच्या उपविधीचा (म्हणजे सोसायटीच्या नियमाचा) होता, भाडेकरूंचा नव्हे. आदर्श उपविधींनुसार भाडेकरू ठेवायला कमिटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं. तुमचे उपविधी तसेच आहेत का तेवढं बघा. मुलं राहायला आली की चोवीस तासांत परदेशी भाडेकरूंची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा, हे आजोबांना आजच सांगा. आणि नकार लेखी मागा.

धागाकर्ती

आभारी आहे. लेखी मागितलं तर "तोंडी ठरलंय" म्हणतील. मग पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचं का? कोणी गेलंय का?