मदत हवी आहे : तंजावर चित्राचा एक्स-रे कुठे काढता येईल?

घरी फणसाच्या फळीवरचं बाळकृष्णाचं जुनं तंजावर चित्र आहे. चेहऱ्यावर नंतर कोणीतरी जाड रंग चढवलाय. डाव्या डोळ्याजवळ पोपडा सुटलाय, खाली वेगळीच निळसर छटा दिसते. खरवडून बघायला जीव धजावत नाही.

शिशाचा सफेदा (पांढरा रंग) आणि पाऱ्याचा हिंगूळ (लाल रंग) एक्स-रेमध्ये पांढरे उमटतात, म्हणून खालचा चेहरा कळेल अशी आशा आहे. बेल्जियममधल्या गेंटच्या १४३२ च्या वेदीचित्रातल्या (चर्चच्या वेदीवरच्या चित्रातल्या) कोकराचा, नंतरच्या रंगाखाली झाकलेला मूळ चेहरा समजायला क्ष-किरण तपासण्यांची मदत झाली होती.

पण चित्रावर जडवलेले काचेचे खडे आणि उठावाचा जाड थर एक्स-रेच्या आड येईल का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात कोणी घरचं चित्र दाखवलंय का? आणि नेताना पोपडे कसे जपायचे? अनुभव असेल तर कृपया सांगा.