प्रतिसाद: सिंगापूर, गार्डन्स बाय द बे, संध्याकाळी किती वाजता जावं?

वर कुणीतरी 'सात-साडेसातला पोचलं तरी चालतं' असं लिहिलंय. फक्त दिव्यांचा कार्यक्रम पाहायचा असेल तर चालेल, पण मग झाडांची काचेची दालनं गडबडीत उरकावी लागतात. १०१ हेक्टरची बाग आहे ही! दालनं रात्री ९ ला बंद होतात आणि प्रवेश त्याच्या अर्धा तास आधीच थांबतो.

सिंगापुरात वर्षभर साधारण सातच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून साडेचार-पाचला बेफ्रंट मेट्रोवर उतरा आणि थेट क्लाउड फॉरेस्ट या काचेच्या दालनात शिरा. आत लिफ्टने वर जाऊन चालत उतरायचं असतं. उजेडातच जा, कारण धुक्यातली नेची आणि ऑर्किड अंधारात नीट दिसत नाहीत. आत गारवा असतो, आजी-आजोबांसाठी शाल ठेवा. चष्मा आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बाहेर आल्याबरोबर वाफ धरते. लगेच पुसत बसू नका, पाचेक मिनिटांत आपोआप जाते.

सुपरट्रीजचा (झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा) दिव्यांचा कार्यक्रम ७:४५ आणि ८:४५ ला, सुमारे पंधरा मिनिटांचा, फुकट. झाडांच्या मधोमध जमिनीवर आडवं पडून पाहा, त्याला तोड नाही. बसायला जुनी चादर न्या. या मनोऱ्यांना जोडणाऱ्या, २२ मीटर उंचीवरच्या स्कायवे पुलाचं तिकीट वेगळं असतं, आणि विजा चमकू लागल्या की तो बंद करतात. त्यामुळे आभाळ भरलेलं असेल तर तिकीट आधी काढू नका. पाऊस आला तर दुसऱ्या खेळापर्यंत थांबा.