छोटे निर्णय आधीच ठरवून ठेवावेत

लग्न, नोकरी अशा मोठ्या निर्णयांसाठीच प्रार्थना करावी, बाकीचं आपोआप मार्गी लागतं, असं काहींचं म्हणणं असतं. पटत नाही. बायबलमधल्या दानीएलाला प्रार्थना सोडली नाही म्हणून सिंहांच्या गुहेत टाकलं, ती गुहा सगळ्यांना आठवते, पण राजाचं अन्न न खाण्याचा निश्चय त्याने दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात (1:8) केला होता. आणि प्रार्थनाबंदीच्या हुकमानंतरची तीन वेळची प्रार्थना (6:10) ही त्याची जुनीच सवय. ऐन वेळी नव्याने काही ठरवावं लागलंच नाही.

"सकाळी बायबल वाचेन" हे फसतं, कारण त्या क्षणी पुन्हा ठरवावं लागतं आणि हातात फोन असतो. "तोंड धुतल्यावर, फोन उघडण्याआधी, एक अध्याय" हे टिकतं. प्रोटेस्टंट बायबलचे 1,189 अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार लागतात. लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात अनेकांची गाडी अडते, चार दिवस चुकले की सगळंच सुटतं. मागचं भरून काढत बसू नका, सरळ आजच्या पानावर या. नवख्यांना बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक सोपं: 31 अध्याय, तारखेप्रमाणे एक.

रात्री सोळाव्या शतकातला ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला याची स्वतःच्या मनाची पाच टप्प्यांची तपासणी करून पाहा: उपकारस्तुती, पाप ओळखण्याची कृपा मागणं, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, सुधारणेचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिले दोन टप्पे गाळले की नुसती स्वतःची झाडाझडती उरते (आणि आठवड्यात कंटाळा येतो). निश्चयही "चांगलं वागेन" असा मोघम नको. "उद्या बैठकीत कुणाचं बोलणं मध्येच तोडणार नाही" इतका बारीक हवा, म्हणजे दुसऱ्या रात्री तपासता येतो.