बोटीने लांबचा प्रवास: जाणकारांनी लिहा

विमानाचा पर्याय असूनही जे मुद्दाम समुद्रमार्गे जातात, त्यांनी इथे लिहावं. समुद्र मनापासून अनुभवायचा तर काय करावं, कशाने विचका होतो, तेही येऊ द्या.

दर्यावर्दी
केबिन निवडताना खिडकीआधी जागा बघा. लाटांवर जहाजाची दोन्ही टोकं सर्वात जास्त वरखाली होतात, मध्य सर्वात कमी. त्यामुळे मधली आणि खालच्या डेकवरची केबिन उत्तम. बोट लागते ती कान आणि डोळ्यांचं जमत नाही म्हणून: कानातला तोलाचा भाग हालचाल टिपतो, समोरची भिंत मात्र स्थिर दिसते. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची; उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मळमळलं की मोबाईल खिशात टाका, उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. उपाशी राहू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खा. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं, आणि तिथून पुढे समुद्र आपला वाटू लागतो. म्हणूनच फक्त दोन रात्रींची सफर मला अपुरी वाटते.

शीडवाला
शिडाच्या बोटीसारखं सुख नाही, पण वारा फसवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्यात वारा पाठीमागून असला की तो कमीच जाणवतो: वारा 18 नॉट (समुद्रावरचं वेगाचं माप), बोट 6 नॉटने त्याच दिशेने, म्हणजे अंगाला लागतो फक्त 12. सगळे निवांत बसलेले असतात. मग काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळवली की तोच वारा वीसच्या वर लागतो, बोट एकदम कलते आणि शीड आवरायला हात पुरत नाहीत. म्हणून अंधार पडण्याआधीच शीड एक टप्पा कमी करून ठेवावं. वेग किंचित घटतो, झोप मात्र सगळ्यांना मिळते. रात्रीच्या पाळीला वर येताना सुरक्षापट्ट्याचा हूक आधी बोटीला अडकवायचा, मगच पायरी सोडायची.

नांगराचा हिशोबही नीट करा. साखळी खोलीच्या किमान पाचपट सोडायची, आणि खोली मोजायची ती भरतीची. आत्ता पाणी 5 मीटर, भरतीला आणखी 2 चढणार, बोटीचं टोक पाण्यापासून 1 मीटर वर: झाले 8, म्हणजे 40 मीटर साखळी. आत्ताच्या 5 मीटरच्या हिशोबाने 25 सोडली तर भरतीला साखळी ताठ होते, नांगराला वर ओढते आणि तो सुटतो.

निशाचर
चमकणारं पाणी बघायचं तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा. ढवळलं की उजळणारे एकपेशीय जीव असतात ते, त्यामुळे बोट जिथे पाणी कापते तिथे नजर ठेवा. दिव्यांपासून लांब उभं राहून डोळ्यांना अर्धा तास द्या. मोबाईलचा पडदा एकदा उजळला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

दर्यावर्दी
राहिलंच: शक्य असेल तर पश्चिमेकडे जाणारा प्रवास निवडा. दर 15 रेखांशांना घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे तेवढा जास्तीचा तास डेकवर मिळतो. पूर्वेकडे जाताना तोच कापला जातो, आणि सहसा झोपेतून.