‘गुमराह’ (१९६३): अशोकने केले ते योग्य होते का?

गोदातीर (नाशिक):
बी. आर. चोप्रा यांचा ‘गुमराह’ परवा आम्ही मैत्रिणींनी कॉलेज रोडला एकीच्या घरी पाहिला आणि चहा निवला तरी वाद संपला नाही. बहीण अकाली गेल्यावर तिच्या लेकरांसाठी मीना (माला सिन्हा) राजेंद्रवरचे (सुनील दत्त) प्रेम बाजूला सारून बिजवर मेहुण्याशी, वकील अशोकशी (अशोक कुमार), लग्न करते, आणि पुढे राजेंद्र पुन्हा भेटल्यावर तिची ओढाताण सुरू होते, इथवर सारे पटते. परंतु राजेंद्रची बायको म्हणवून तिला धमकावणारी लीला ही अशोकचीच सेक्रेटरी निघते. ज्याला सर्व ठाऊक होते, त्याने समोर बसवून एकदा विचारायचे सोडून बायकोला धाकात ठेवले, याला क्षमाशीलता कसे म्हणावे?

जुना वकील (नाशिकरोड):
अशोक वकील आहे, हे विसरू नये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट मोकळी केली होती. मात्र १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी जोडीदार व्यभिचारात ‘राहत आहे’ असे दाखवावे लागे. २०१८ मध्ये रद्द झालेले भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ तेव्हा लागू होते, पण ते परपुरुषाला शिक्षा देणारे होते आणि तेही शरीरसंबंध सिद्ध झाला तरच. चोरून होणाऱ्या भेटी आणि दोन ठिकाणी गुंतलेले मन यांना कायद्यात जागाच नव्हती. कोर्टाची पायरी न चढता संसार वाचवावा असे अशोकला वाटणे मी समजू शकतो. त्याने निवडलेला मार्ग मात्र साक्षीदार फोडण्यासारखा आहे, आणि तो घरात वापरायचा नसतो.

पंचवटीकर:
चित्रपटाची सुरुवात सीता आणि लक्ष्मणरेषेच्या प्रसंगाने होते, म्हणजे मीनाचा निवाडा कथा सुरू होण्याआधीच लागलेला असतो. सीतागुंफेच्या परिसरात वाढलेल्या आम्हा मंडळींना ही कथा तोंडपाठ असते, म्हणूनच सांगावेसे वाटते की वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाहीच. ती पुढच्या परंपरेतून आली. आणि त्या परंपरेतही सीता रेषा ओलांडते ती दारी आलेल्या याचकाला विन्मुख पाठवू नये म्हणून, म्हणजे एका धर्मासाठी दुसरी आज्ञा मोडून. मीनाने आपले प्रेम सोडले तेही भाच्यांवरच्या मायेपोटी, कर्तव्य म्हणूनच. तिच्या त्या त्यागाचे मोल दिग्दर्शकाने पूर्वार्धात मन लावून दाखवले आणि उत्तरार्धात मात्र केवळ तिच्या चुकीचा हिशेब मांडला. गोदातीर, तुमच्या प्रश्नाइतकेच मला हेही खटकते.

रेडिओप्रेमी (सिडको):
लीलाच्या भूमिकेसाठी शशिकला यांना फिल्मफेअर मिळाले. मूळच्या सोलापूरच्या या अभिनेत्रीने त्या बाईत असा काही गोड विखार भरला आहे, की रहस्य ठाऊक असूनही दुसऱ्यांदा पाहताना धडकी भरते. मात्र ‘चलो एक बार फिर से’ हे गाणे या चर्चेत यायला हवे होते. साहिर यांचे शब्द, रवी यांचे संगीत, महेंद्र कपूर यांचा आवाज, आणि नवऱ्यादेखत पियानोवर बसून राजेंद्र मीनाला सांगतो की आपण पुन्हा अनोळखी होऊ या. तिघांपैकी एकाने तरी मनातले उघड बोलून दाखवले, तेही गाण्याच्या आडून. अशोक तिथेच होता. त्याच रात्री त्याने मीनाशी बोलायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.