मदत हवी आहे : 'रिॲलिटी'साठी एक मराठी शब्द पुरत नाही

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७८१ च्या ग्रंथातील एका उताऱ्याचे मराठी भाषांतर 'वास्तव' या शब्दापाशी अडले आहे. मूळ जर्मनमध्ये दोन शब्द आहेत: 'रेआलिटेट' आणि 'विर्कलिशकाइट'. इंग्रजीत दोन्हींसाठी सर्रास 'रिॲलिटी' येते आणि घोळ तिथेच सुरू होतो.

'रेआलिटेट'चे मूळ लॅटिन 'रेस', म्हणजे वस्तू, बाब. त्यावरून मध्ययुगीन 'रेआलितास'. (हा 'रेस' वैदिक 'रयि', म्हणजे धन, याचा सगोत्र. किती सुंदर नाते!) कांटकडे हा शब्द वस्तूचा आशय सांगतो, ती आहे की नाही हे नव्हे. म्हणूनच तो म्हणू शकतो की खऱ्या शंभर थालरांत (थालर म्हणजे जुने जर्मन चांदीचे नाणे) कल्पनेतल्या शंभरांहून आशयाने काहीच जास्त नाही. 'विर्कलिशकाइट' मात्र 'विर्केन', म्हणजे परिणाम घडवणे, यावरून आलेला. तो प्रत्यक्ष असण्याबद्दल बोलतो.

'वास्तव' हे 'वस्तु'वरून आलेले, म्हणून व्युत्पत्तीने 'रेआलिटेट'ला चपखल. पण मराठी वाचक त्यातून 'प्रत्यक्षात असलेले' हाच अर्थ घेतो, म्हणजे नेमका दुसरा. 'सत्य' विधानाला लागते, 'यथार्थ' वर्णनाला. 'सत्ता' म्हटले की राजकारण आठवते. 'वस्तुता' आणि 'प्रत्यक्षता' ही जोडी वापरून पाहिली, पण 'प्रत्यक्ष' हे न्यायदर्शनातले प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, असल्याने जाणकार अडखळतील.

तळटीप देता येणार नाही, आणि दोन्ही शब्दांची विशेषणे सहज व्हायला हवीत. 'रेआलिटेट'साठी 'वस्तुता' ठेवल्यास 'विर्कलिशकाइट'ला कोणता शब्द द्यावा?