प्रति: मीडियम रेअर मागितला, वेल डन आला
मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी, मागितलेला स्टेक वेल डन, म्हणजे पूर्ण शिजलेला, आला तो आचारी नवशिका होता म्हणून, हे मत मला अर्धंच पटतं. न्यूयॉर्कच्या जुन्या धाटणीच्या स्टेकहाउसांत पोर्टरहाउस, म्हणजे हाडासकटचा मोठा स्टेक, बरेचदा कापूनच, लोणी चरचरणाऱ्या तापलेल्या ताटलीत आणतात. टेबलावर आल्यावरही मांस तिच्यात शिजत राहतं. त्यात हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप (पाठीचं मांस), दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन (त्याहून मऊ मांस). टेंडरलॉइनचा तुकडा लहान, तो आधी शिजतो.

मॅनहॅटनमध्ये आम्ही चौघं गप्पा छाटत बसलो आणि दहा मिनिटांत गुलाबी रंग गायब! बिल मात्र टिपसकट घाम फोडणारं. पुढच्या वेळी सरळ रेअर, म्हणजे जेमतेम शिजलेला, सांगितला आणि तुकडे लगेच आपापल्या बशीत ओढले. सोबतचा क्रीममधला पालक तेव्हाही खळीसारखाच होता, त्याला इलाज नाही.